कमिट-संदेश : बदलाची नोंद आणि तिचे नियम

(द्वितीय वर्ष कला, मराठी विभाग)

कोणत्याही लेखी कामात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष मजकूर आणि दुसरी म्हणजे त्या मजकुरात वेळोवेळी झालेले बदल. पहिलीकडे आपणां सर्वांचे लक्ष असते. दुसरीकडे सहसा कोणी पाहत नाही. निबंधाची शुद्ध प्रत तयार झाली, की कच्ची प्रत आपण फाडून टाकतो. एकट्याच्या कामात असे करून चालते. परंतु जेथे एकाच मजकुरावर अनेक माणसे वर्षानुवर्षे काम करीत असतात, तेथे कोणी, केव्हा, काय आणि कशासाठी बदलले, हे मागून येणाऱ्याला कळावे लागते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणे हे असेच अनेक हातांचे काम आहे. त्यासाठी ज्या प्रणाली वापरतात, त्यांना आवृत्ती-नियंत्रण प्रणाली असे म्हणतात. ‘गिट’ ही त्यांपैकी आज सर्वांत अधिक प्रचारात असलेली प्रणाली होय. गिटमध्ये प्रत्येक बदलासोबत जो लहानसा मजकूर लिहावा लागतो, त्याला ‘कमिट-संदेश’ म्हणतात. हा संदेश कसा असावा आणि त्याविषयीचे मार्गदर्शिकेतील नियम कसे वाचावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठीच्या विद्यार्थिनीने या विषयात का पडावे, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे, की आमच्या विभागात गेल्या वर्षापासून शेतीविषयक बोली शब्दांचा संग्रह चालू आहे. आम्ही सहा जण आपापल्या गावांतून शब्द आणतो आणि ते एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये भरतो. ही फाईल सरांच्या सूचनेवरून गिटमध्ये ठेवलेली आहे. त्या निमित्ताने मी गिटची इंग्रजी मार्गदर्शिका शब्दकोश जवळ घेऊन वाचू लागले. वाचता वाचता माझ्या असे ध्यानात आले, की यंत्राचा भाग थोडक्यात आटोपतो. खरा प्रश्न लेखनाचा आहे, आणि लेखन हा तर आपलाच अभ्यासविषय आहे.

पूर्वपीठिका

बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालींचा इतिहास सुमारे अर्ध्या शतकाचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये ‘एससीसीएस’ ही प्रणाली सुरू केली. १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांची ‘आरसीएस’ आली. पुढे ‘सीव्हीएस’ आणि २००० मध्ये ‘सबव्हर्जन’ या प्रणाली आल्या. या सर्वांत एक गोष्ट समान होती. बदल नोंदविताना प्रणाली लिहिणाऱ्याकडे एक टिपण मागत असे.

गिटचा जन्म एप्रिल २००५ मधला. लिनक्स या संचालन प्रणालीचे काम तेव्हा ‘बिटकीपर’ नावाच्या प्रणालीवर चालत असे. ती विनामूल्य वापरण्याची सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवी प्रणाली लिहावयास घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये गिटची देखभाल त्यांनी ज्युनिओ हामानो यांच्याकडे सोपविली. लिनक्सचे काम करणारी माणसे जगभर विखुरलेली होती आणि आपापले बदल ती विद्युत्-टपालाने पाठवीत. ज्याने बदल केला, तो आणि ज्याला तो स्वीकारावयाचा, तो यांची गाठभेट होण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी बदल करणाऱ्याची बाजू मांडण्याचे काम त्या संदेशालाच करावे लागे. गिटमध्ये संदेशाला एवढे महत्त्व का, हे या परिस्थितीवरून समजते.

कमिट म्हणजे काय?

आपण फाईलमध्ये काही बदल केले आणि ‘हे आता कायम करावे’ असे प्रणालीला सांगितले, म्हणजे एक ‘कमिट’ तयार होते. त्यात पुढील गोष्टी असतात : त्या क्षणी सर्व फाईली कशा होत्या त्याचा निर्देश, आधीच्या कमिटचा निर्देश, बदल करणाऱ्याचे नाव व वेळ, बदल दाखल करणाऱ्याचे नाव व वेळ आणि शेवटी आपला संदेश. या सर्वांवरून गणिती रीतीने एक ४० अंकाक्षरांची खूण काढली जाते. त्या कमिटची ओळख ती हीच.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. ही खूण काढताना संदेशही हिशेबात धरलेला असतो. म्हणून मागाहून संदेशातला एक अनुस्वार जरी बदलला, तरी कमिटची खूण बदलते आणि त्यापुढील साऱ्या कमिटांच्याही खुणा बदलतात. नुकताच केलेला आणि अजून कोणाला न दिलेला कमिट दुरुस्त करण्याची सोय आहे. परंतु एकदा तो इतरांच्या हाती गेला, की संदेश बदलणे म्हणजे सर्वांच्या वह्यांची पाने पुन्हा लावणे होय. तात्पर्य, संदेश लिहावयाचा तो विचार करूनच.

आता वरील यादी पुन्हा पाहावी. ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ हे प्रणाली आपोआप नोंदविते. ‘काय बदलले’ हेही जुनी व नवी आवृत्ती शेजारी ठेवून ओळीनुसार दाखविता येते. मग माणसाने लिहावयाचे उरते ते काय? उरते ते ‘कशासाठी’. ही एकच गोष्ट अशी आहे, की जी यंत्राला कोठूनही काढता येत नाही. बदल करणाऱ्याने ती लिहिली नाही, तर ती त्याच्या मनातच राहते आणि काही महिन्यांनी बहुधा त्याच्याही मनातून जाते.

फेरफाराचे उदाहरण

शेतकरी कुटुंबातील वाचकांना ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्या सातबारा उताऱ्यावर नावांजवळ काही क्रमांक असतात. ते फेरफाराचे क्रमांक होत. जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो आणि नवे नाव लागते, एवढेच उताऱ्यावर दिसते. ते नाव वारसाने लागले, खरेदीने लागले, की वाटपाने, हे पाहावयाचे असेल तर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये या नोंदवहीची तरतूद आहे. नोंद झाली की संबंधितांना कळवावयाचे, हरकत असल्यास ती ऐकावयाची आणि मग नोंद प्रमाणित करावयाची, असा क्रम तेथे घालून दिलेला आहे.

आमच्या घरी आजोबांच्या पश्चात भावकीत बांधावरून बोलाचाली झाली, तेव्हा वडिलांनी जुना फेरफार काढून आणला. त्यावर वाटप कशाच्या आधारे झाले ते तीन ओळींत लिहिलेले होते. त्या तीन ओळींमुळे पुढची भांडणे टळली. वडील चौथीपर्यंत शिकलेले आहेत. पण उताऱ्यावरच्या क्रमांकावरून मागची नोंद शोधावयाची असते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची आज्ञा आहे. ती फाईलमधील प्रत्येक ओळीसमोर ती ओळ कोणत्या कमिटने आली, ते दाखविते. नाव जरी दोष देण्याचे असले, तरी काम मात्र उताऱ्यावरच्या त्या क्रमांकाचेच आहे. त्या क्रमांकावरून मागे गेल्यावर तेथे कारण लिहिलेले सापडले पाहिजे. न सापडल्यास मागे जाण्याचा सारा खटाटोप फुकट जातो.

आमच्या शब्दसंग्रहात असेच घडले. ‘इर्जिक’ या शब्दाच्या नोंदीत आरंभी असे होते, की एका शेतकऱ्याच्या शेतात इतर शेतकरी आपापली औते घेऊन एक दिवस काम करतात आणि तो त्यांना जेवण देतो. पुढे केव्हातरी जेवणाचे वाक्य निघाले. गिटच्या कृपेने ते कोणत्या तारखेला निघाले, हे लगेच सापडले. जुने वाक्यही जसेच्या तसे मिळाले. परंतु त्या कमिटच्या संदेशात एकच शब्द होता : ‘दुरुस्ती’. आता ते वाक्य चूक ठरल्यामुळे काढले, दुसऱ्या नोंदीत हलविले, की नजरचुकीने पुसले गेले, हे कसे समजावे? ज्यांनी तो अर्थ सांगितला होता, त्या आजी आता हयात नाहीत. शेवटी दोन गावांतील तीन वृद्धांना पुन्हा विचारावे लागले आणि त्यात दोन आठवडे गेले. ते वाक्य परत आणताना आम्ही जो संदेश लिहिला, तो असा :

‘इर्जिक’ : जेवणाचा उल्लेख परत आणा

हे वाक्य ‘दुरुस्ती’ या संदेशाच्या कमिटने निघाले होते. कारण लिहिलेले नव्हते. दोन गावांतील तीन वृद्धांना पुन्हा विचारले. तिघांनीही जेवण हा इर्जिकीचाच भाग असल्याचे सांगितले. ‘सावड’ या शब्दाशी ही नोंद एकत्र करण्याचा विचार झाला होता. परंतु सावडीत कामाची फेड कामानेच होते, म्हणून दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवल्या आहेत.

या संदेशात तीन गोष्टी आहेत : अडचण काय होती, ती कशी सोडविली आणि दुसरा कोणता मार्ग विचारात घेऊन सोडून दिला. गिटच्या कर्त्यांनी आपल्या प्रकल्पात बदल पाठविणाऱ्यांसाठी जी सूचनापत्रिका केली आहे, तीतही याच तीन गोष्टींची अपेक्षा आहे. शिवाय बाहेरची कागदपत्रे न पाहताही संदेश समजावा, असे ती सांगते. म्हणजे ‘परवा ठरल्याप्रमाणे बदल केला’ असे लिहिणे पुरेसे नाही. काय ठरले, ते तेथेच लिहावयाचे.

मथळा आणि रिकामी ओळ

संदेशाच्या बांधणीविषयी गिटच्या मार्गदर्शिकेतील सांगणे थोडक्यात असे आहे : आरंभी बदलाचा सारांश सांगणारी एक छोटी ओळ असावी, तिच्याखाली एक ओळ रिकामी सोडावी आणि मग सविस्तर विवेचन करावे. पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंतचा जो मजकूर, तो प्रणाली मथळा म्हणून धरते. नोंदींची संक्षिप्त यादी मागितली, की एकेका कमिटचा मथळाच दिसतो. बदल टपालाने पाठविण्यासाठी तयार केला, तर मथळा पत्राच्या ‘विषय’ या जागी जातो आणि उरलेला मजकूर पत्राच्या पोटात जातो.

रिकामी ओळ ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नाही, हे यावरून दिसेल. ती सोडली नाही, तर खालचा सारा परिच्छेद मथळ्यातच धरला जातो आणि यादी वाचण्याच्या उपयोगाची राहत नाही. अर्जात ‘विषय’ लिहून झाल्यावर ‘महोदय’ या शब्दाने आपण जी फारकत करतो, तीच येथे रिकाम्या ओळीने होते.

आणखी एक बारीक गोष्ट. संदेश संपादकात उघडून लिहिला, तर सहसा ‘#’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी टीप समजून गाळल्या जातात. त्यामुळे एखाद्याने ओळीच्या आरंभी ‘#१२’ असा तक्रार-क्रमांक लिहिला, तर ती सबंध ओळच नाहीशी होते. क्रमांक ओळीच्या मध्ये घ्यावा, म्हणजे प्रश्न उरत नाही.

सक्ती, सल्ला आणि रिवाज

आता मी मुख्य मुद्द्याकडे वळते. कमिट-संदेशाचे म्हणून जे नियम सांगितले जातात, ते सर्व एका जातीचे नाहीत. त्यांचे तीन थर आहेत आणि नवशिक्याची सारी अडचण हे थर एकमेकांत मिसळल्यामुळे होते.

पहिला थर यंत्राच्या सक्तीचा. हा फार पातळ आहे. संदेश अगदीच रिकामा ठेवला, तर गिट कमिट करीत नाही. आणि तसा तो ठेवावयाचाच असेल, तर त्यासाठीही वेगळी सूचना देण्याची सोय आहे. याउपर संदेशात काय लिहावे, किती लिहावे, याबाबत यंत्राची सक्ती नाही.

दुसरा थर सल्ल्याचा. मथळा, रिकामी ओळ आणि विवेचन ही रचना या थरात येते. मार्गदर्शिकेत या सल्ल्याच्या आरंभीच ‘हे बंधनकारक नसले तरी’ या अर्थाचे शब्द आहेत. परंतु सल्ला मोडला तर वर सांगितल्याप्रमाणे इतर आज्ञांचे काम बिघडते. म्हणून तो पाळावा.

तिसरा थर एकेका प्रकल्पाच्या रिवाजाचा. येथे गाव बदलले की चाल बदलते. मथळ्यासाठी ५० अक्षरांची मर्यादा प्रसिद्ध आहे. गिटच्या स्वतःच्या प्रकल्पात ती शिथिल मर्यादा म्हणून सांगितली आहे. लिनक्सच्या सूचनांत मात्र सारांशासाठी ७० ते ७५ अक्षरांपर्यंत मुभा आहे. विवेचनाच्या ओळी ७२ अक्षरांवर मोडाव्यात, हा संकेत टिम पोप यांच्या २००८ मधील एका टिपणामुळे पुष्कळ पसरला. त्याचे कारण असे, की जुन्या पडद्यावर ८० अक्षरांची ओळ मावे आणि नोंदी दाखविताना गिट डावीकडे चार अक्षरांची जागा सोडते. उजवीकडेही तेवढीच सोडली, की ७२ उरतात. हे कारण कळले म्हणजे आकड्याचा दरारा वाटत नाही आणि त्याचा उपयोगही समजतो.

मार्गदर्शिकेतील शब्दांची दुरुस्ती

गिटच्या मार्गदर्शिकेत या विषयासंबंधी वेळोवेळी ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांपैकी तीन मला विशेष बोधप्रद वाटल्या.

पहिली ५० या आकड्याचीच. पूर्वी तेथे ‘५० पेक्षा कमी’ या अर्थाची शब्दयोजना होती. आता ‘५० हून अधिक नाही’ अशी आहे. वरवर पाहता हा किरकोळ फरक आहे. पण पहिल्याप्रमाणे ४९ अक्षरांपर्यंतच मुभा होती आणि दुसऱ्याप्रमाणे पुरी ५० चालतात. एका अक्षराने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. ज्याच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्याला कदाचित काही बिघडणार नाही. तो कोणाला तरी विचारील किंवा ‘साधारण पन्नास’ असे समजून पुढे जाईल. परंतु जो घरातून पहिल्यानेच कॉलेजात आला आहे, तो छापील शब्द अक्षरशः धरतो. शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘अमुक तारखेच्या आत’ असे असते. ती तारीख धरून की सोडून, हे सांगणारे घरात कोणी नसते; आणि शब्द मराठी असूनही अर्थ दोन्हीकडे झुकतो. नियमाचा शब्द नेमका असावा, ही मागणी म्हणूनच मला शब्दच्छल वाटत नाही.

दुसरी दुरुस्ती ‘रिव्हर्ट’ या आज्ञेच्या माहितीत झाली. आधीचा एखादा बदल उलटवावयाचा असेल, तर ही आज्ञा वापरतात. अशा वेळी गिट स्वतःच एक संदेश तयार करून देते : अमुक मथळ्याचा आणि अमुक खुणेचा कमिट उलटविला. पुष्कळ लोक तो तसाच ठेवीत; कारण समोर तयार मजकूर असला, की आपण काही लिहावयाचे राहिले आहे असे वाटत नाही. पण त्यात ‘कशासाठी’ नसतेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये गिटची २.४३ ही आवृत्ती आली, तेव्हा या आज्ञेच्या मार्गदर्शिकेत विवेचनाची भर पडली. तयार संदेशावर न थांबता मूळ बदल का उलटवीत आहोत, ते लिहावे, अशी आग्रहाची शिफारस तेथे आहे. उलटविलेले पुन्हा पुन्हा उलटविले, तर मथळे अधिकाधिक अवजड होत जातात. तेव्हा मथळा नव्याने लिहावा, असेही सांगितले आहे.

तिसरी दुरुस्ती सहीच्या ओळीची. संदेशाच्या शेवटी बदल करणाऱ्याच्या नावाची एक ओळ घालण्याची चाल लिनक्समध्ये २००४ मध्ये सुरू झाली. आपण दिलेला मजकूर देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्या ओळीने तेथे जाहीर करावयाचे असते. नवशिक्याला वाटते, की ही कामाच्या अचूकपणाची ग्वाही असावी किंवा केवळ शोभेची सही असावी. आता मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे, की या सहीचा अर्थ ज्या प्रकल्पात आपण बदल देतो, त्या प्रकल्पावर अवलंबून असतो. म्हणजे सही करण्यापूर्वी ती कशाखाली करीत आहोत, हे त्या प्रकल्पाच्या कागदांत पाहावयाचे. अंगठा उठवण्याच्या काळापासून आपल्याकडील वडीलधारी माणसे हेच तर सांगत आली आहेत.

तिन्ही ठिकाणी मार्गदर्शिकेतील शब्दांच्या दुरुस्तीने वाचणाऱ्याचा फायदा झाला आहे, हे लक्षात घ्यावे.

मराठीत संदेश लिहिताना

गिट संदेशासाठी युटीएफ-८ ही अक्षरसंकेत-पद्धती गृहीत धरते; त्यामुळे संदेश देवनागरीत लिहिण्यास आडकाठी नाही. आमच्या संग्रहातील सर्व संदेश मराठीत आहेत. मात्र तसे करताना दोन प्रश्न उभे राहिले आणि त्यांची उत्तरे इंग्रजी मार्गदर्शिकेत आयती मिळाली नाहीत.

पहिला प्रश्न, अक्षर म्हणजे काय? ‘नोंद दुरुस्त करा’ ही ओळ घ्या. आपण मोजतो त्याप्रमाणे तीत सात अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा, मिळून ९ होतात. संगणक मात्र काना, मात्रा, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही सारी वेगळी धरतो. त्याच्या हिशेबाने ही संख्या १६ होते. साठवणुकीच्या एककांत, म्हणजे बाइटमध्ये, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. तेव्हा तीच ओळ ४४ बाइटांची होते. नुसते ५० म्हटल्याने हे कोडे सुटत नाही. अशा वेळी नियमाचा हेतू पाहावा लागतो. मथळा यादीत एका ओळीत मावावा आणि एका दृष्टिक्षेपात वाचता यावा, हा तो हेतू आहे. म्हणून आम्ही डोळ्याला दिसणारी अक्षरे मोजावयाची, असे ठरविले आणि ते आमच्या संग्रहाच्या माहितीपत्रात लिहून ठेवले.

दुसरा प्रश्न क्रियापदाचा. गिटच्या प्रकल्पात मथळा आज्ञार्थी असावा, असा रिवाज आहे. ‘मी अमुक केले’ असे म्हणण्याऐवजी ‘अमुक करा’ असे जणू त्या मजकुरालाच सांगावयाचे. यामागे विचार आहे. बदल हा आधी प्रस्ताव असतो; स्वीकारणारा तो लागू करील तेव्हा काय घडेल, ते मथळ्याने सांगावयाचे असते. मराठीत यासाठी तीन रूपे समोर येतात. भूतकाळ घेतला, तर ‘शब्द जोडला, नोंद जोडली, उदाहरण जोडले’ असे कर्माप्रमाणे क्रियापद बदलते. विध्यर्थ घेतला, तरी ‘जोडावा, जोडावी, जोडावे’ हा बदल होतोच. तथापि अर्ज आणि शिफारस यांची ती रूढ भाषा आहे. आज्ञार्थात मात्र ‘शब्द जोडा, नोंद जोडा, उदाहरण जोडा’ असे एकच रूप सर्वत्र चालते, ते आखूड असते आणि यादीत शोधावयासही सोपे जाते. म्हणून आम्ही आज्ञार्थ पत्करला.

कार्यालयीन मराठीतील ‘दुरुस्ती करण्यात आली’ हे रूप मात्र आम्ही जाणूनबुजून टाळतो. त्यात कर्ता लपतो, ही एक गोष्ट. पण कर्त्याचे नाव गिटमध्ये वेगळे असतेच. मुख्य आक्षेप असा, की त्या वाक्याने जागा भरते आणि कारण सांगून झाल्यासारखे वाटते.

मार्गदर्शन लिहिणाऱ्यांनी काय करावे?

या अभ्यासावरून मला असे वाटते, की बदलांच्या नोंदीविषयी नियम लिहिणाऱ्याने, मग ते नियम मोठ्या प्रणालीचे असोत की आमच्यासारख्या लहान संग्रहाचे, चार पथ्ये पाळावीत. प्रत्येक नियम सक्तीचा, सल्ल्याचा की रिवाजाचा, ते त्याच्याजवळच सांगावे. आकडा दिला, तर तो धरून की सोडून आणि कशाच्या मापाने, हेही द्यावे. नियमाचे कारण एका वाक्यात जोडावे. कारण कळले, की नियमात न बसणारा प्रसंग आला तरी माणूस अडत नाही. आणि चांगल्या संदेशाचा एक तरी नमुना द्यावा. आमच्या संग्रहात नव्याने आलेल्या प्रथम वर्षाच्या दोघांना आम्ही नियम सांगण्याआधी ‘इर्जिक’च्या नोंदीचे दोन्ही संदेश, म्हणजे ‘दुरुस्ती’ हा आणि नंतरचा सविस्तर, शेजारी ठेवून वाचावयास दिले. त्यानंतर फारसे सांगावे लागले नाही.

एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. प्रत्येक कमिटला लांबलचक विवेचन हवे, असे नाही. ऱ्हस्व-दीर्घाची दुरुस्ती असेल, तर ‘शुद्धलेखन सुधारा’ एवढा मथळा पुरतो. कारण तेथे ‘कशासाठी’ हे बदल पाहताच कळते. विवेचन हवे ते जेथे नुसता बदल पाहून कारण उमगत नाही, तेथे. हा विवेक कोणत्याही मार्गदर्शिकेला पूर्णपणे शिकविता येणार नाही. तो सरावानेच येईल.

समारोप

गिट ही मूळची आज्ञावली लिहिणाऱ्यांची सोय आहे. परंतु जेथे जेथे अनेक जण मिळून मजकूर घडवितात, मग तो शब्दसंग्रह असो, ग्रंथसूची असो की गावाचा इतिहास असो, तेथे तेथे तिचा उपयोग होण्यासारखा आहे आणि त्यासाठी विज्ञान शाखेतच असले पाहिजे, असे नाही. बदल टिपण्याचे काम यंत्र करील; कारण टिपण्याचे काम ज्याने बदल केला त्यालाच करावे लागेल, आणि ते त्याच दिवशी करावे लागेल. आमच्या संग्रहात आज चारशेच्या वर शब्द आहेत. आम्ही सहा जण पुढच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडू आणि फाईल मागच्या वर्गाच्या हाती जाईल. एखाद्या शब्दाचा अर्थ आम्ही असाच का ठेवला, हे त्यांना आमच्या पत्त्यावर येऊन विचारावे लागू नये, एवढ्यासाठी सध्या आम्ही जुने संदेश तपासून, जेथे कारण सुटले आहे तेथे ते नव्या कमिटने लिहून ठेवण्याचे काम हाती घेतले आहे. या कामात ज्यांना सहभागी व्हावयाचे असेल, त्यांनी मराठी विभागात अवश्य यावे.